पलटणीच्या पैशातली पदवी

पंचवीस महिने आणि चौदा दिवस. जेम्स रुडिसिल यांच्या नावावर अमेरिकेच्या माजी सैनिक खात्याने एवढा 'वापर' मांडून ठेवला होता. रुडिसिल २००० साली साधे शिपाई म्हणून लष्करात गेले. बाहेर पडून कॉलेजात आले, मध्येच नॅशनल गार्डमधून इराकला जाऊन आले, पदवी घेतली आणि मग अधिकारी होऊन अफगाणिस्तानात गेले. तीन फेऱ्या मिळून जवळपास आठ वर्षांची नोकरी. पदवीच्या शिक्षणाला त्यांनी एका जुन्या योजनेतले २५ महिने १४ दिवस वापरले होते. पुढे येल विद्यापीठात धर्मशास्त्र शिकून लष्करातच धर्मगुरू म्हणून परतायचं त्यांनी ठरवलं. प्रवेशही मिळाला. नव्या, जास्त पैसे देणाऱ्या योजनेतून त्यांनी फी मागितली, तेव्हा खात्याने ३६ महिन्यांतून वजाबाकी करून कळवलं, की तुमचे आता १० महिने १६ दिवस उरले आहेत.

वाण्याच्या वहीत शोभेल असा हा हिशेब थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १६ एप्रिल २०२४ रोजी सात विरुद्ध दोन अशा बहुमताने निकाल लागला. न्यायमूर्ती केतांजी ब्राऊन जॅक्सन यांनी तो लिहिला. नोकरीचे कालखंड वेगळे, तर त्यांवर कमावलेले दोन हक्कही वेगळे. एकूण ४८ महिन्यांची मर्यादा पाळून दोन्ही वापरता येतील, असा त्याचा सारांश. आपल्याकडे शिल्लक रजा मोजावी तशी तिथे कॉलेजची फी मोजली जाते. महिने, दिवस आणि मधला खाडा.

अमेरिकेतल्या लाखो घरांत 'कॉलेजचं काय करायचं?' या प्रश्नाला आजही एक ठरलेलं उत्तर आहे: भरती हो. चार वर्षं वर्दी घाल, मग सरकार शिकवेल. या उत्तराला ऐंशी वर्षं होऊन गेली. पण १९४४ साली त्याचा जो अर्थ होता तो आज उरलेला नाही. सुरुवातीला ते लढून आलेल्याला दिलेलं देणं होतं, आता ते लढायला येण्यासाठी दाखवलेलं गाजर झालं आहे. मधल्या काळात कायद्याच्या भाषेपेक्षा कॉलेजची फीच जास्त बदलली.

या योजनेचा उगम कुणाच्या उदार अंतःकरणात झाला नाही. तो एका लाजिरवाण्या दुपारी झाला. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांना १९२४ साली सरकारने बोनसचं प्रमाणपत्र दिलं होतं, आणि त्यावर पैसे मिळण्याची तारीख होती १९४५. तेवढ्यात महामंदी आली. उपाशी माणसाला तेरा वर्षांनंतरची हुंडी काय कामाची? १९३२ च्या उन्हाळ्यात हजारो माजी सैनिक बायकापोरांसह वॉशिंग्टनला आले आणि अ‍ॅनाकोस्टिया नदीकाठच्या मोकळ्या जागेवर पत्रे, खोकी, जुन्या गाड्यांचे टप असं मिळेल ते जोडून त्यांनी वस्ती उभी केली. २८ जुलैला अध्यक्ष हूव्हर यांच्या प्रशासनाने लष्कर पाठवलं. संगिनी, घोडदळ, रणगाडे, अश्रुधूर, आणि रात्री पेटलेल्या झोपड्या. जनरल मॅकआर्थर हुकूम देत होते, घोडदळात पॅटन होते, मॅकआर्थरच्या हाताखाली आयझेनहॉवर होते. दहा-बारा वर्षांनी ज्यांचे पुतळे व्हायचे ते तिघेही त्या दिवशी आपल्याच जुन्या शिपायांना हुसकावत होते.

दुसरं महायुद्ध संपत आलं, तेव्हा ती रात्र पुढाऱ्यांच्या डोक्यातून गेलेली नव्हती. एक कोटी साठ लाख माणसं वर्दी उतरवून घरी येणार होती आणि तेवढ्या नोकऱ्या कुठे होत्या? अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचे माजी अध्यक्ष, कॅन्ससचे वकील हॅरी कोल्मेरी यांनी वॉशिंग्टनच्या मेफ्लॉवर हॉटेलात मुक्काम ठोकला आणि हॉटेलच्याच कागदांवर कायद्याचा मसुदा खरडला. बेकारांना आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. घरासाठी कर्जाची हमी. आणि शिकायचं असेल त्याला फी व निर्वाहभत्ता. लोकांच्या तोंडी या कायद्याचं नाव 'जीआय बिल' पडलं. शिपायाला तिथे 'जीआय' म्हणतात.

हे विधेयक शेवटच्या टप्प्यावर जवळजवळ मेलंच होतं. मिसिसिपीचे खासदार जॉन रँकिन माजी सैनिकांच्या बाजूचे म्हणून ओळखले जात. पण काळ्या सैनिकांना घरबसल्या आठवड्याला २० डॉलर मिळाले तर शेतावर कवडीमोलाने कोण राबणार, ही त्यांची खरी पोटदुखी होती. संयुक्त समितीत मतं समसमान झाली. निर्णायक मत असलेले खासदार जॉन गिब्सन आजारपणामुळे जॉर्जियात घरी होते, आणि त्यांचं लेखी मत स्वीकारायला रँकिन तयार नव्हते. मग रातोरात गिब्सन यांना शोधून काढलं गेलं, पोलिसांच्या बंदोबस्तात मोटारीने जॅक्सनव्हिलला आणि तिथून विमानाने वॉशिंग्टनला आणलं गेलं. १० जून १९४४ च्या सकाळी त्यांनी मत दिलं. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरून तेव्हा चारच दिवस झाले होते. २२ जूनला अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सही केली.

अटी सोप्या होत्या. ९० दिवसांची नोकरी झालेली असली की एक वर्षाचं शिक्षण, आणि जितके महिने नोकरी तितके आणखी. फी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत, एकट्याला महिना ५० डॉलर, कुटुंब असेल तर ७५. हार्वर्डची फी तेव्हा वर्षाला ४०० डॉलर होती. म्हणजे आयोवातल्या शेतमजुराच्या पोराने ठरवलं, आणि प्रवेश मिळाला, तर तो हार्वर्डमध्येही फुकट शिकू शकत होता आणि वर सरकारचे शंभर डॉलर वाचत होते.

विद्वानांना हे रुचलं नाही. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांनी कोलियर्स साप्ताहिकात लेख लिहून इशारा दिला, की अशाने विद्यापीठं म्हणजे भटक्यांचे अड्डे होतील. हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनाही धास्ती होती. झालं उलटंच. १९४७ साली कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांत जवळपास निम्मे माजी सैनिक होते, आणि ते पहिल्या बाकावर बसत होते. पंचविशी ओलांडलेली, लग्न झालेली, मित्र मेलेले पाहिलेली ही माणसं. त्यांना रॅगिंग, टोपी घालायचे नियम, कॉलेजच्या क्लबांची मिजास यात काही रस नव्हता. वेळ वाया घालवून चालणार नव्हतं, महिने मोजून मिळाले होते. त्यांच्यामुळे वर्गाच्या गुणांची सरासरी वर जाते म्हणून स्टॅनफर्डची कोवळी मुलं त्यांच्या नावाने बोटं मोडत. कॉनंट यांनी पुढे आपलं मत जाहीरपणे बदललं.

राहायला मात्र जागा नव्हती. विस्कॉन्सिन विद्यापीठाने फुटबॉलच्या मैदानालगत ट्रेलर उभे केले, आणि तेही पुरेनात तेव्हा मॅडिसनपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या दारूगोळा कारखान्याच्या कामगारवस्तीत विद्यार्थ्यांची कुटुंबं हलवली. रोज बसने वर्गात यायचं, परत जायचं. ट्रॉय शहरातल्या रेन्सेलर तंत्रसंस्थेने तर आरमाराची रणगाडे वाहणारी जहाजं हडसन नदीत आणून बांधली आणि त्यांचं वसतिगृह केलं. ज्या जहाजातून उतरून युद्धावर जायचं, तशाच जहाजात झोपून अभियांत्रिकीचा अभ्यास. दोरीवर वाळणारे लंगोट आणि टेबलावर कॅल्क्युलस, हे त्या वर्षांतल्या अमेरिकी कॉलेजांचं खरं चित्र. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९४७ मध्ये अशा वय वाढलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्कूल ऑफ जनरल स्टडीज हे स्वतंत्र कॉलेजच काढलं, ते आजही चालू आहे.

१९५६ पर्यंत ७८ लाख माजी सैनिकांनी या कायद्याखाली काही ना काही शिक्षण घेतलं. त्यांतले सुमारे २२ लाख कॉलेजात गेले. बाकीचे गवंडीकाम, वीजजोडणी, शेती, रेडिओदुरुस्ती शिकले, आणि कायद्याचा गौरव करताना त्यांची आठवण सहसा कुणाला होत नाही. आरमारातून सुटलेला काळा तरुण, पुढचा प्रसिद्ध गायक हॅरी बेलाफाँटे या पैशावर न्यूयॉर्कच्या न्यू स्कूलमध्ये नाट्यशिक्षण घ्यायला गेला. वर्गात मार्लन ब्रँडो होता.

बेलाफाँटे न्यूयॉर्कमध्ये होता म्हणून निभावलं. कायद्यात रंगाचा उल्लेख नव्हता, पण त्याची अंमलबजावणी स्थानिक कचेऱ्यांच्या हाती दिली होती, आणि ही तजवीज रँकिन यांच्यासारख्यांनी जाणूनबुजून केली होती. दक्षिणेतली गोरी विद्यापीठं काळ्यांना दारात उभं करत नव्हती, आणि काळ्यांच्या मोजक्या कॉलेजांत जागा नसल्याने हजारो जण परत गेले. जोसेफ मॅडॉक्स नावाच्या काळ्या सार्जंटला तर हार्वर्डमध्ये प्रवेश मिळाला होता. कचेरीने पैसे नाकारले, कारण पायंडा पडेल. त्याचं नाव २०२१ मध्ये संसदेत मांडल्या गेलेल्या एका भरपाई विधेयकाला दिलं आहे. नॉर्मंडीहून परतलेला मेडगर एव्हर्स मिसिसिपीतल्या अल्कॉर्न या काळ्यांच्या कॉलेजात याच पैशावर शिकून १९५२ साली पदवीधर झाला. दोन वर्षांनी त्याने मिसिसिपी विद्यापीठात कायद्याच्या शिक्षणासाठी अर्ज केला, तो फेटाळला गेला. नागरी हक्कांच्या चळवळीत तो पुढे आला, आणि १९६३ च्या जूनमध्ये त्याच्या घराच्या दारातच त्याला गोळी घातली गेली.

मग व्हिएतनाम. या युद्धाच्या काळात कॉलेज आणि फौज यांचं नातं पार उलटं होतं, हे आज सांगूनही पटत नाही. कॉलेजात नाव असलेल्या मुलाची सक्तीची भरती पुढे ढकलली जायची, त्यामुळे ज्याच्या बापाकडे फी भरायला पैसे होते तो युद्धापासून लांब राहिला. कॉलेज हे फौज चुकवण्याचं साधन होतं. १९७३ मध्ये सक्तीची भरती बंद झाली आणि पेंटागॉनला माणसं बाजारातून मिळवावी लागली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी जुनी सवलतही आटली, तेव्हा भरतीचा दर्जा इतका घसरला की जनरल्स हवालदिल झाले. भरती विभागाचे प्रमुख मॅक्स थर्मन यांनी ओळखलं, की बारावी झालेली हुशार मुलं हवी असतील तर त्यांच्या आईबापांची दुखरी नस धरली पाहिजे. ती नस म्हणजे कॉलेजची फी. टीव्हीवरच्या जाहिरातींत रणगाड्यांबरोबर आता पदवीची टोपीही दिसू लागली.

मिसिसिपीचेच दुसरे खासदार सनी माँटगोमेरी यांच्या नावाने १९८५ पासून नवी योजना आली. तिच्यातली एक अट वाचून आपल्याकडच्या भिशीवाल्यांनीही हात जोडावेत. पहिल्या वर्षी शिपायाच्या पगारातून दरमहा १०० डॉलर कापायचे, एकूण १२००. पुढे तो कॉलेजात गेला तर त्याला त्याच्या कित्येक पट मिळणार. नाही गेला तर १२०० डॉलर सरकारजमा.

आजची योजना २००८ सालची, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर नोकरी केलेल्यांसाठी. व्हिएतनाममध्ये लढलेले सिनेटर जिम वेब यांनी ती मांडली. ३६ महिने सरकारी विद्यापीठाची पूर्ण फी, शहराप्रमाणे घरभाडं, वर्षाला हजार डॉलरपर्यंत पुस्तकांचे. पेंटागॉनने सुरुवातीला नाक मुरडलं. कारण ऐकण्यासारखं आहे: योजना इतकी चांगली आहे की पोरं शिकायला म्हणून नोकरी सोडतील! मग तोडगा निघाला. सहा वर्षं झाल्यावर आणखी चार वर्षांची हमी दिली, तर तो हक्क बायकोच्या, नवऱ्याच्या किंवा मुलांच्या नावावर करता येतो. बापाने वाळवंटात काढलेल्या वर्षांवर लेक कॉलेजला जाते.

अमेरिकेत हा व्यवहार ठरतो तो बहुधा शाळेच्या कँटीनमध्ये. कडक इस्त्रीचा गणवेश घातलेला भरती अधिकारी टेबल मांडून बसतो. टेबलावर पेनं, किल्ल्यांचे जुडगे, पाण्याच्या बाटल्या. त्याला महिन्याचं उद्दिष्ट असतं, विमा एजंटाला असतं तसंच. २००२ पासून सरकारी मदत घेणाऱ्या माध्यमिक शाळांवर मुलांची नावं, पत्ते आणि फोन नंबर लष्कराला देण्याचं बंधन आहे. पालकांनी लेखी नकार दिला तरच सुटका. सगळ्यात गरिबांची मुलं यात ओढली जातात, असा एक समज आहे. आकडे तसं सांगत नाहीत. सगळ्यात गरीब आणि सगळ्यात श्रीमंत या दोन्ही थरांतून भरती कमी, मधल्यांतून जास्त. ज्यांना सरकारी शिष्यवृत्ती मिळत नाही आणि फीही परवडत नाही, ती ही घरं. पगारदार मराठी माणसाला ही कोंडी समजावून सांगायला नको. आणि कागद नीट वाचला तर चार वर्षांच्या कराराच्या पोटात आठ वर्षं असतात. उरलेली चार राखीव दलात, जिथून परत बोलावणं येऊ शकतं.

वेस्ट व्हर्जिनियातल्या पॅलेस्टाईन या खेड्यातली जेसिका लिंच बालवाडीची शिक्षिका व्हायची स्वप्नं पाहत होती आणि त्या भागात नोकऱ्या नव्हत्या. ती लष्कराच्या पुरवठा विभागात गेली. २३ मार्च २००३ रोजी इराकच्या नासिरियात त्यांचा ताफा वाट चुकला आणि हल्ल्यात सापडला. तिची जिवलग मैत्रीण लोरी पिएस्टेवा, अ‍ॅरिझोनातल्या होपी जमातीची, दोन लहान मुलांची आई, त्यात गेली. जखमी लिंच कैदेत पडली, सुटली, आणि शेवटच्या गोळीपर्यंत लढलेली रणरागिणी म्हणून तिची कहाणी जगभर पसरवली गेली. २००७ मध्ये तिने संसदेच्या समितीसमोर स्वच्छ सांगितलं, की ते खरं नव्हतं. तिच्या बंदुकीतून एकही गोळी सुटली नव्हती. पुढे ती शिकली आणि शिक्षिका झाली.

जिथे एवढा पैसा वाहतो तिथे गिधाडं येणारच. खासगी नफेखोर कॉलेजांवर एक नियम होता: उत्पन्नाच्या ९० टक्क्यांहून जास्त वाटा केंद्र सरकारच्या शिक्षण-मदतीचा असता कामा नये. पण माजी सैनिकांची फी या ९० टक्क्यांत धरली जात नव्हती. म्हणजे एक सैनिक पकडला, की त्याच्या प्रत्येक डॉलरमागे सरकारकडून आणखी नऊ डॉलर काढता येत. मग काय, लष्करी छावण्यांबाहेर, इस्पितळांत, इंटरनेटवर सैनिकांमागे दलाल लागले. सरकारी वाटावं अशा नावाचं एक संकेतस्थळ सैनिकांची माहिती कॉलेजांना विकत होतं. २० राज्यांच्या महाधिवक्त्यांनी २०१२ मध्ये कारवाई केल्यावर ते माजी सैनिक खात्याच्या ताब्यात आलं. कोरिंथियन ही साखळी २०१५ मध्ये बुडाली, आयटीटी २०१६ मध्ये. हजारो सैनिकांचे महिने खर्ची पडले, हातात धड पदवी नाही. नियमातली ती फट बुजवणारा कायदा २०२१ मध्ये झाला.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष बायडन यांनी विद्यार्थ्यांच्या कर्जातले दहा ते वीस हजार डॉलर माफ करण्याची घोषणा केली, तेव्हा इंडियानाचे खासदार जिम बँक्स यांनी जाहीर तक्रार केली, की यामुळे लष्कराचं भरतीचं एक मोठं हत्यार बोथट होईल. त्या वर्षी भूदलाला ६० हजार जणांची भरती करायची होती आणि ती १५ हजारांनी कमी पडली होती. बँक्स यांच्यावर टीका झाली, पण त्यांचे आभारच मानायला हवेत. एरवी मनात ठेवायची गोष्ट ते मोठ्याने बोलले. कॉलेज स्वस्त झालं, तर या सौद्यात लष्कराकडे द्यायला फारसं उरत नाही. पुढच्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कर्जमाफी रद्द केली.

महाराष्ट्राला हा सौदा अगदीच परका नाही. कंपनी सरकारच्या पलटणीत शिपायांना आणि त्यांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचं होतं, असं डॉ. आंबेडकरांनी नोंदवून ठेवलं आहे. त्यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेच्या पायरीवरही ज्यांना जागा नव्हती, त्यांना छावणीत अक्षर मिळालं. म्हणूनच १८९० च्या दशकात महारांची भरती थांबली तेव्हा दापोलीच्या गोपाळबाबा वलंगकरांसारख्या निवृत्त हवालदाराने अर्जाची लेखणी उचलली. नोकरीबरोबर शाळाही जात होती. खुद्द बाबासाहेब कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, १९१३ साली; परतल्यावर बडोदे संस्थानाची दहा वर्षं नोकरी करण्याच्या करारावर सही करून. १९१७ मध्ये त्यांना तिथे पद मिळालं ते लष्करी सचिवाचं. शहरात राहायला खोली मात्र कुणी देईना. पारशी सराईतूनही त्यांना बाहेर काढलं गेलं, आणि करार पुरा झालाच नाही.

आज पुण्यात वानवडीला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९४८ मध्ये स्थापन झालेलं. तिथे एमबीबीएस लष्कराच्या खर्चाने होतं, बदल्यात लष्करात नोकरी. नको असेल तर बॉन्डची भलीमोठी रक्कम भरायची. खासगी मेडिकलची फी कानावर आलेला कोणताही बाप या सौद्याला महाग म्हणणार नाही. पण हा मान वर्षाला दीडशेच्या आतबाहेर मुलामुलींचा. साध्या शिपायाला शिकवणारं अमेरिकेसारखं काही आपल्याकडे नाही. त्याच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, मुलाला महिना अडीच हजार रुपये, मुलीला तीन.

पैशाचा ओघ मात्र इकडे उलट्या दिशेने आहे. सातारा, सांगली, कोल्हापूरच्या पट्ट्यात गावोगावी भरतीपूर्व अकॅडम्या आहेत. मुलं महिन्याची फी भरून तिथे राहतात, पहाटे डांबरी रस्त्यावर सोळाशे मीटर धावतात आणि दुपारी गणितं सोडवतात. पहिल्या महायुद्धात ४६ माणसं गमावलेलं साताऱ्याजवळचं आपशिंगे गाव नावातच 'मिलिटरी' लावतं. लामावर, म्हणजे लढाईवर, जाणं तिथे तीन-चार पिढ्यांचं आहे, पण शिकायला पैसे मिळतील म्हणून कुणी गेलं नव्हतं. पेन्शनसाठी गेलं, कॅन्टीनच्या कार्डासाठी गेलं, घराण्याची रीत म्हणून गेलं.

जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि पेन्शन गेली. चार वर्षं नोकरी, चारांतला एक कायम, बाकी तिघांना ११ लाख ७१ हजार रुपयांचा सेवानिधी. दहावीवर आलेल्याला मुक्त शाळेचं बारावीचं प्रमाणपत्र, आणि इग्नूची अशी पदवी, जिचे निम्मे श्रेयांक लष्करातल्या प्रशिक्षणातूनच धरले जातात. भूदलातल्या पहिल्या तुकड्यांचं प्रशिक्षण २०२३ च्या सुरुवातीला चालू झालं. त्यांची चार वर्षं संपतील तेव्हा कित्येक जण बावीस-तेवीस वर्षांचे असतील, अमेरिकेतल्या १९४७ च्या विद्यार्थ्यांपेक्षाही लहान. हातात पावणेबारा लाख असतील. त्यांतून थोरलीचं लग्न, घरावरची स्लॅब, बोअर, की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी, हे ठरवायला घरातली सगळी मोठी माणसं अंगणात बसलेली असतील.